कॉम्प्युटरचं लाईट बिल नक्की कोणाच्या नावावर?

"दिवसभर ते चालू असतं, त्याला लाईट किती लागते रे?"

घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो. विचारणारे बहुतेक वेळा बाबा असतात, आणि उत्तर देणारे आपण "काही नाही हो, एका बल्बएवढी" असं म्हणून मोकळे होतो. तर मंडळी, या वीकेंडला या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलंय. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, एवढं तर यायलाच हवं :)

आधी मोजू. त्यासाठी कुठलंही उपकरण विकत आणायची गरज नाही. घरातल्या डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरवरच किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं ते छापलेलं असतं. समजा ३२०० छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद करायचं (फ्रीजसकट, दहा मिनिटांत दूध नासत नाही), फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर चालू ठेवायचा आणि मिनिटभर दिवा मोजायचा. आठ वेळा लुकलुकला तर तासाला ४८० वेळा, म्हणजे ०.१५ युनिट. सोप्या भाषेत १५० वॉट. माझ्या डेस्कटॉपचा आकडा साधारण हाच आहे. लॅपटॉप याच कामाला ३०-४० वॉटमध्ये भागवतो.

आता महिन्याचा हिशेब. दिवसाला १० तास आणि महिन्याला २२ दिवस धरले तर डेस्कटॉपचे ३३ युनिट. वायफायचा राऊटर बिचारा दहाच वॉटचा, पण चोवीस तास चालू, त्याचे ७. डोक्यावरचा जुना ७५ वॉटचा पंखा कामाच्या वेळात फिरतो, त्याचे साडेसोळा. एकूण झाले साधारण ५७ युनिट.

इथपर्यंत गणित सगळेच करतात. त्यापुढे मात्र सरासरी दर धरून गुणाकार करतात, आणि खरी गंमत तिथेच हुकते.

महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. एप्रिल २०२४ पासूनच्या महावितरणच्या दरांत वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना सुमारे ५ रुपये ९० पैसे, १०१ ते ३०० या टप्प्याला साडेअकराच्या आसपास आणि ३०१ ते ५०० ला पावणेसोळाच्या आसपास दर होता. वर १६ टक्के वीज शुल्क. दर नंतरही बदलत राहिलेत, त्यामुळे आकडे आपापल्या ताज्या बिलावर बघून घ्या. टप्प्यांची पद्धत मात्र जुनीच आहे.

आमच्या मुरबाडच्या घराचंच उदाहरण घेतो. चार माणसं, एक फ्रीज, एक टीव्ही, पंखे आणि एलईडीचे दिवे. एसी नाही, गीझर नाही. महिन्याला साधारण ९० युनिट. म्हणजे स्थिर आकार आणि शुल्क धरून, त्या दराने बिल साडेसातशेच्या आसपास. त्यात हे ५७ युनिट घाला. यातले पहिले दहाच स्वस्त टप्प्यात बसतात. उरलेले ४७ थेट साडेअकराच्या टप्प्यात! बिल होतं साडेचौदाशेच्या आसपास. वापर वाढला साठ-पासष्ट टक्के, बिल मात्र जवळजवळ दुप्पट. पहिल्या टप्प्याच्या दराने हेच ५७ युनिट शुल्कासकट चारशेच्या आत बसले असते. प्रत्यक्षात पडतात सातशेला.

मुंबई-पुण्यातल्या ज्या फ्लॅटमध्ये दोन एसी चालतात, तिथे हा कॉम्प्युटर कुठे लपला ते कळणारही नाही. मुरबाड-शहापूरकडच्या साध्या घरात मात्र तोच घराला शंभरची रेष ओलांडायला लावतो.

टप्पे असावेत की नाही, यावर माझी तक्रार नाही. कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग, यात न्याय आहे. त्यामागचा विचार असा की पहिली शंभर युनिटं गरजेची आणि त्यापुढे जसजसं जाल तसतशी चैन. पण माझा डेस्कटॉप ही कोणाची चैन आहे? त्यावर मी सिनेमे बघत नाही (बरं, कमी बघतो), दिवसभर कंपनीचा कोड लिहितो. मीटरला हे कसं कळणार? त्याच्या लेखी एसी लावून झोपणारा आणि डेडलाइनसाठी जागणारा सारखाच.

मार्च २०२० पर्यंत हीच वीज ऑफिसच्या मीटरवर पडत होती आणि कंपनीच्या खर्चात लिहिली जात होती. लॉकडाऊनमध्ये खुर्ची घरी आली, मॉनिटर घरी आला आणि त्यांच्या मागोमाग विजेचा खर्चही गुपचूप घरी आला. इंटरनेटचे पैसे माझ्या कंपनीने सुरू केले, ते चांगलंच केलं. विजेचे मात्र नाहीत. इंटरनेटचं बिल वेगळं येतं, दाखवता येतं. विजेचं बिल फ्रीज आणि पंख्यांमध्ये मिसळून येतं, म्हणून ते कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

त्यात इन्व्हर्टरचा खर्च वेगळा. पावसाळ्यात वारा सुटला, तारेवर फांदी पडली की लाईट गेली. स्टँडअप मीटिंगमध्ये "माझ्याकडे लाईट गेली" हे वाक्य एकदा खपतं, रोज नाही. त्यामुळे घरून काम म्हटलं की इन्व्हर्टर आलाच. पण साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून एक युनिट बाहेर काढायला आत साधारण दीड युनिट भरावं लागतं, बाकीचं उष्णतेत जातं.

साठवलेली वीज महागच पडते, आणि याचं भलंमोठं उदाहरण आमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. घाटघर उदंचन प्रकल्प, २५० मेगावॉटचा, २००८ मध्ये सुरू झालेला. वरचं धरण अकोले तालुक्यात घाटघरला, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज बनवायची. अशा प्रकल्पांत पाणी चढवायला लागलेल्या विजेपैकी पाऊण हिस्सा परत मिळतो. पाव हिस्सा गमावूनही हे परवडतं, कारण ऐन मागणीच्या वेळच्या विजेची किंमत जास्त असते. आपला इन्व्हर्टर म्हणजे घरातलं छोटं घाटघरच, फक्त तोट्याचं.

वीज कधी वापरली याला किंमत असते, हे आता घरगुती बिलातही शिरलंय. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांच्या आसपास सवलत सुरू झाली, कारण सौर वीज दिवसा मुबलक असते. दिवसपाळीवाल्यांना हे बरंय. अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्यांच्या हाती यातलं फारसं काही लागत नाही.

आता कोणी म्हणेल, "अरे, मुरबाडहून कल्याण, तिथून लोकल, किंवा ठाण्यात खोलीचं भाडं, हे सगळं वाचलं ना? मग सातशे रुपयांचं काय घेऊन बसलास?" बरोबर आहे. पण वाचलं ते माझं आणि वाढलं ते घराचं. बिल बाबांच्या नावावर येतं. आमच्याकडे ते मी भरतो, म्हणून विषय तिथेच संपतो. पण घरी बसून दहा-बारा हजारांवर डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलीला महिना सातशे म्हणजे पगाराचा सहा-सात टक्के हिस्सा. तिला "प्रवास वाचला ना" असं सांगून गप्प बसवता येत नाही.

बाहेर यावर उत्तरं शोधली गेली आहेत. स्पेनच्या २०२१ च्या कायद्याने नियमित घरून काम करणाऱ्याचा कामासाठीचा खर्च कंपनीवर टाकला. जर्मनीत २०२३ पासून घरून केलेल्या कामाच्या प्रत्येक दिवसामागे ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १२६० युरो, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. दोन्ही ठिकाणी मान्य केलेली गोष्ट एकच: घरी आलेला खर्च हा कामाचाच खर्च आहे.

मला वाटतं, आपल्याकडेही कंपन्यांनी इंटरनेटबरोबर विजेची एक ठराविक रक्कम द्यावी. प्रत्येकाचं बिल तपासत बसायची गरज नाही, वर मांडला तसा हिशेब एकदा करून सरसकट आकडा ठरवला की झालं. आणि ते होईपर्यंत घरात जो कमावतो त्याने ही वाढ स्वतः उचलावी, बाबांच्या पेन्शनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर टाकू नये.

बाकी आपल्या हातातलं तेवढं करावं. डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपवर भागत असेल तर २५ युनिट वाचतात, म्हणजे वरच्या दराने महिना तीनशेहून जास्त. रात्रभर उगाच चालू ठेवलेला डेस्कटॉप मॉनिटर बंद असूनही ६० वॉट खात असेल, तर १४ तासांच्या हिशेबाने महिन्याला तेवढेच २५ युनिट जातात. स्लीपवर टाकला तर जेमतेम एक. आणि स्क्रीनसेव्हरने वीज वाचते असं अजूनही कोणी मानत असेल तर... असो. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नयेत म्हणून आला होता, विजेशी त्याचा संबंध नाही.

थोडक्यात काय, बाबांना द्यायचं खरं उत्तर "एका बल्बएवढी" हे नाही. "महिन्याला सातशेची, आणि ते मी देतो" हे आहे. यातलं "मी" जाऊन तिथे "कंपनी" कधी येईल, हे आता एचआरला विचारायचं.