ढाक एकच, तऱ्हा निराळ्या

दोस्तांनो, ‘स्ट्रीट फायटर’ गेममधला हाडोकेन माहीत आहे ना? हातातून सुटणारा निळा गोळा! ऱ्यूचा गोळा लांबवर जातो. डॅन तस्साच आव आणतो, पण त्याचा गोळा हातभर जाऊन विझतो. शिरूर-दौंडकडे यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो ना, तिथंही एकाच डावाच्या अशा तऱ्हा दिसतात.

ढाक हा डाव घ्या. समोरच्याची मान आणि हात कवेत धरायचा, गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालायची आणि फेकायचं. (मधल्या सुट्टीत नको हं, मानेशी गाठ आहे!) बुटक्या गड्याची कंबर आधीच खाली असते. उंच गड्याला गुडघे वाकवावे लागतात. त्यात आळस केला, की डाव फसला आणि आपली पाठ समोरच्याच्या हाती!

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव ढाक डावासाठी नावाजलेले होते. मॅटवर अशी फेक नीट बसली, तर ४ गुण मिळतात. हगाम्यात गुणांना कोण विचारतो? तिथं चितपटच हवी! पुढच्या यात्रेत पैलवान वळू लागला, की हातांकडं नको, त्याच्या गुडघ्यांकडं बघा.