थिबाराजाच्या वाड्यातली माणसं

रत्नागिरीकराला थिबाराजा सांगावा लागत नाही. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला कुटुंबकबिल्यासह इथे आणून ठेवलं. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. १९१६ मध्ये त्याने इथेच देह ठेवला.

सरकारी दप्तरात त्याचा तनखा सापडतो, अर्ज सापडतात. पण चौथी राजकन्या इथे जन्मली तेव्हा तिला जोजवणाऱ्या दासी कोण होत्या, मंडालेच्या आठवणीने त्या कुठल्या कोपऱ्यात रडल्या, हे कोण लिहून ठेवणार? अमिताव घोष यांनी 'द ग्लास पॅलेस' (२०००) या कादंबरीत ती जागा डॉली नावाच्या दासीला दिली. रडणारी राजकन्या या पोरीच्याच कडेवर गप्प होते. राजा दुर्बिणीतून समुद्र न्याहाळत बसतो, डॉली मात्र इथल्या माणसांत मोठी होते. डॉली कल्पित आहे. पण खऱ्या थोरल्या राजकन्येने वाड्यावरच्या नोकराशी, गोपाळ सावंतांशी, जन्म जोडला आणि तिची लेक मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली, हे रत्नागिरीने डोळ्यांनी पाहिलं आहे.

दप्तराबाहेर राहिलेल्या माणसांना लेखकाने जागा देणं अमेरिकेतही घडलं. ज्या चिनी मजुरांनी तिथली डोंगरातली रेल्वे बांधली, त्यांच्या जातभाईंना १८८२ च्या कायद्याने दार बंद झालं. त्या आजोबा-पणजोबांना पुढे मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांनी 'चायना मेन'मध्ये (१९८०) बोलतं केलं.

'स्वामी', 'छावा', 'पानिपत' यांवर आमचा पिंड पोसला, त्याचं ऋण मोठं आहे. तरीही मराठी ऐतिहासिक कादंबरीने आता गडावरून खाली, बंदरावर यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. परमुलखातून आलेल्यांची गोष्ट इथे आहे, तशी इथून गेलेल्यांचीही: मॉरिशसच्या उसात राबायला गेलेले, बोटीवर खलाशी झालेले, मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभे राहिलेले. पुढच्या दिवाळीला अशा कथांसाठी आम्ही पानं राखून ठेवत आहोत. माळ्यावरची पत्र्याची पेटी या सुट्टीत खाली काढा. पत्रं, मनिऑर्डरीच्या पावत्या जपून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना बोटीचं नाव, मुकादमाचं नाव, खोलीचा पत्ता आत्ताच विचारून घ्या.

— संपादक