शेवट सांगू नका हं!

परवा आमची ही एका हातात झारा नि दुसऱ्या हातात अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' घेऊन उभी होती. मी नुसतं "काय गं, खुनी..." एवढंच म्हणालो, तर झारा माझ्या दिशेनं उगारला गेला. "शेवट सांगितलात तर बघा!"

माझं भांडण आहे ते या शेवटाशीच.

त्या कादंबरीत एका चिमुरडीला पळवून मारलेलं असतं. त्या धक्क्यानं आई अवेळी बाळंत होऊन जाते, बाप स्वतःवर गोळी झाडतो, निरपराध दासी खिडकीतून उडी टाकते. अख्खं घर बसतं, आणि पॉयरोसाहेब ते एका दमात सांगून मोकळे! मी पासबुकात नोंदी करायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतो. मग उरलेलं पुस्तकभर रुमाल कुणाचा नि डबा कुणाचा!

बरं, बाईंनी हे हवेतून आणलेलं नाही. १ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेत, न्यू जर्सीत, वैमानिक लिंडबर्गचं वीस महिन्यांचं मूल पाळण्यातून पळवलं गेलं. ५० हजार डॉलर खंडणी भरली, तरी १२ मे रोजी मूल सापडलं ते मेलेलं. आणि १९३४ साल उजाडतं न उजाडतं तोच कादंबरी बाजारात हजर!

प्रत्यक्षात आरोपी पकडला तो काही मिशा कुरवाळून नव्हे. सप्टेंबर १९३४ मध्ये एका पेट्रोलपंपवाल्याला दहा डॉलरच्या नोटेचा संशय आला, त्यानं गाडीचा नंबर त्या नोटेवरच टिपला. आणि ती नोट खंडणीतली आहे, हे ओळखलं बँकेतल्या कॅशियरनं. कॅशियरनं, महाराज! पण कारकुनाला ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये बर्थ कोण देणार?

याला धंद्याचा मत्सर म्हणा हवं तर. पण खातं पै न् पै जुळल्याचं सुख आम्हां कारकुनांना ठाऊक असतं, आणि तेच सुख ही पुस्तकं विकतात. नोट जुळली, आरोपीला १९३६ मध्ये देहदंड झाला. पाळणा रिकामा तो रिकामाच राहिला. त्या घराला कुठला आलाय शेवट? आणि आपण मात्र चहाबरोबर विचारतो, "खुनी कोण?"

रात्री साडेअकराला हिनं पुस्तक मिटलं. "काय डोकं आहे हो बाईचं!"

"त्या मुलीच्या आईचं नाव काय गं?" मी विचारलं.

"थांबा हं, असेल मागे कुठंतरी..." ती पानं चाळत राहिली. मग पुस्तक तसंच पालथं टाकून आतल्या खोलीत लेकीचं पांघरूण सारखं करायला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.