लायन्सची मीठखाण आणि ‘अडाणी विरोधा’ची दंतकथा

१/ अणुकचऱ्याच्या इतिहासात एक दंतकथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते : शास्त्रज्ञांनी उपाय शोधला होता, भेदरलेल्या जनतेने आणि मतांच्या राजकारणाने तो हाणून पाडला. तिचा आवडता दाखला म्हणजे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लायन्स हे गाव. हाच दाखला नीट वाचला, तर कथा उलटते.

२/ १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मिठाच्या थरांची शिफारस केली. तर्क सबळ होता. पाण्यात विरघळणारे मीठ कोट्यवधी वर्षे टिकले, म्हणजे तेथे वाहते पाणी पोहोचलेले नाही. शिवाय दाबाखाली मीठ सरकते आणि भेगा बुजवते.

३/ १९६५ ते १९६७ या काळात ओक रिज प्रयोगशाळेने लायन्सच्या बंद खाणीत, सुमारे ३०० मीटर खोलीवर, वापरलेले इंधन आणि विजेचे तापक ठेवून चाचण्या घेतल्या. जून १९७० मध्ये अणुऊर्जा आयोगाने हीच जागा प्राथमिक पसंतीची म्हणून जाहीर केली.

४/ खरा प्रश्न उष्णतेचा होता. मिठाच्या स्फटिकांत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. थेंबाच्या तापलेल्या बाजूचे मीठ विरघळते, थंड बाजूस पुन्हा साचते. त्यामुळे थेंब उष्णतेच्या दिशेने, म्हणजे कचऱ्याच्या डब्याकडेच, सरकत जातो. ज्या कोरडेपणासाठी मीठ निवडले, त्यालाच डब्याची ऊब छेद देते. तापलेल्या पोलादाला खारे पाणी भिडले की गंज आलाच.

५/ हे प्रश्न विचारणारे अडाणी नव्हते. विल्यम हॅम्बल्टन यांच्यासह कॅन्ससच्या भूशास्त्र सर्वेक्षणातील तज्ज्ञांनी आयोगाचे उष्णतावहनाचे गणित अपुरे ठरवले. तापलेल्या खडकाचे वर्तन काय असेल, आणि चूक झालीच तर कचरा परत कसा काढायचा, असेही त्यांनी विचारले.

६/ १९७१ मध्ये परिसरातील तेल-वायूच्या जुन्या विंधनविहिरी पुढे आल्या. शेजारच्या मीठ कंपनीने जमिनीत सोडलेले सुमारे १,७५,००० गॅलन पाणी कोठे गेले, याचा पत्ता लागेना. १९७२ मध्ये आयोगाने लायन्सचा नाद सोडला.

७/ राजकारण नव्हते का? होते. खासदार जो स्क्युबिट्झ यांनी कडवा विरोध केला. परंतु त्या विहिरी राजकारण्यांनी खोदल्या नव्हत्या, आणि खारे थेंब मतदानाने सरकत नाहीत. राजकारणाने विलंब घडवला; त्या विलंबात भूशास्त्राला बोलायला अवधी मिळाला.

८/ पुढचा इतिहास कोणाच्या बाजूने साक्ष देतो? १९९९ मध्ये न्यू मेक्सिकोतील मिठाच्या थरात भांडार सुरू झाले. तेथे प्रामुख्याने अत्यल्प उष्णता देणारा कचरा जातो. स्वीडन आणि फिनलंड यांच्या आराखड्यात इंधन आधी काही दशके थंड केले जाते, आणि तांब्याचे डबे इतक्या अंतरावर ठेवायचे असतात की भोवतालची बेंटोनाइट माती १०० अंश सेल्सिअस ओलांडू नये.

९/ म्हणजे कॅन्ससने विचारलेला प्रश्न आज आराखड्याची पहिली अट झाला आहे. त्या प्रश्नकर्त्यांना विज्ञानविरोधी ठरवणारा इतिहास हा इतिहास नव्हे. ती आयोगाची जुनी जाहिरात आहे.