ताप उतरला, पण डेंग्यू गेला का?

मंडळी, पावसाळ्यात आपल्याकडे दोन साथी येतात. एक तापाची, दुसरी मोबाईलवर निदान करण्याची. "ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका" एवढं टाकलं की डेंग्यूपासून ब्लड कॅन्सरपर्यंत सगळं हजर. घाबरणारा निदान डॉक्टरकडे तरी धावतो. मला काळजी आहे ती न घाबरणाऱ्याची.

तो अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅकची गोळी आणतो. डेंग्यू असेल तर याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तर डॉक्टर पॅरासिटामॉलवर थांबतात. आणि डेंग्यूतला खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, बीपी घसरतं. नेमका तेव्हाच आपला गडी "बरं वाटतंय राव" म्हणत कामावर निघालेला असतो! पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. पपईच्या पानांच्या रसावरची चर्चा नंतर करू.

टेस्टचंही तसंच. एनएस-वन पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची. सातव्या दिवशी स्वतःच्या मनाने करून ती निगेटिव्ह आली, म्हणजे डेंग्यू नाही असं होत नाही.

शिवाय लेप्टोचा तापही सुरुवातीला असाच दिसतो, औषध मात्र वेगळं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ भोगली आहे. "साचलेल्या पाण्यातून चालला होतात का, पायाला जखम आहे का?" हे डॉक्टर विचारतो. मोबाईलला आपण जेवढं सांगू तेवढंच त्याला कळतं.

पण लोकांना नावं ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. रोजंदारीवरचा माणूस सकाळच्या ओपीडीच्या रांगेत उभा राहिला की त्याची हजेरी बुडते. प्रायव्हेटला फी, वर टेस्टचे पैसे. मोबाईल रात्री अकरालाही उत्तर देतो, तेही फुकट. मग पावसाळ्याचे चार महिने तरी पालिकेचे दवाखाने रात्रीपर्यंत उघडे ठेवायला काय हरकत आहे? कामगार घरी येतो तेव्हा दवाखान्याला कुलूप, याला काय अर्थ?

आपापल्या प्रभागातला सरकारी दवाखाना किती वाजता बंद होतो ते खाली लिहा. यादी घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.