समज, मी किल्लेदार!

दिवाळीची सुट्टी लागली की शिवडीच्या चाळींच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहतात. खरा शिवडीचा किल्ला हाकेच्या अंतरावर, खाडीकडे तोंड करून उभा आहे. पण पोरं बांधणार रायगड नाहीतर प्रतापगड. इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेल्या किल्ल्यावर महाराजांना कुठे बसवणार, हा त्यांचा बिनतोड सवाल.

अळीव उगवलं, मावळे लागले, पणती ठेवली की मोठी माणसं फोटो काढून निघून जातात. आमच्या मते ऐकण्यासारखं जे काही असतं, ते त्यानंतर सुरू होतं.

‘समज, मी किल्लेदार होतो आणि तू शत्रू आलास.’

‘कालपण मीच शत्रू. मी नाही.’

‘बरं, मग तू जखमी मावळा. पण बोलायचं नाही हां, तू बेशुद्ध आहेस.’

‘मग मला खेळायला काय मिळणार?’

या चार ओळींत केवढं काम झालंय पाहा. भूमिका ठरली, तक्रार झाली, तोडगा निघाला आणि तोडग्यातली खोट दुसऱ्याने पकडली. लगेच पुढच्या क्षणी हाच किल्लेदार आवाज जाड करून ‘कोण आहे रे तिकडे?’ म्हणून गरजतो. म्हणजे पोर एकाच वेळी दोन बोल्या बोलतं: एक खेळाच्या आतली, एक खेळ चालवणारी. कुठे कुठली वापरायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. माकडांची लुटुपुटूची मारामारी पाहून तो म्हणाला, की ‘हे खरं नाही, खेळ आहे’ ही खूण एकमेकांना पटल्याशिवाय असा खेळ होऊच शकत नाही. आपली पोरं ती खूण ‘खोटं-खोटं’ म्हणून पटवतात.

याची सुरुवात फार लवकर होते. दीड वर्षाचं मूल रिकामा कप तोंडाला लावतं. पुढे बाहुलीला भरवतं. तीन-चार वर्षांचं झालं की त्याला भातुकलीत सोबती लागतो, आणि खरी कसोटी तिथे असते. आई अर्ध्या शब्दात समजून घेते. शेजारचा बंड्या घेत नाही. काठी आज घोडा आहे की तलवार, हे त्याला नीट सांगावं लागतं, पटवावं लागतं, वेळप्रसंगी माघार घ्यावी लागते. मोबाइलवरचं कार्टून गोड बोलतं, पण ‘मी नाही शत्रू’ असं कधी म्हणत नाही.

चाळीत आणखी एक सोय होती: कच्चा लिंबू. चार वर्षांच्या बहिणीला खेळात घ्यावंच लागतं. मग ती किल्ल्यावरचा घोडा होते. घोड्याला फारसे संवाद नसतात, पण आठ वर्षांच्या दादांचं राजकारण ती दिवसभर कान देऊन ऐकते. पुढच्या वर्षी तीच विचारते, ‘घोडा राणी का नाही होऊ शकत?’

अशा खेळाला महागडी साधनंही लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन अनुताई वाघांसोबत बालशिक्षण आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेलं. पानं, बिया, खडे यांवर तिथे शिक्षण होऊ शकलं. महागडं खेळणं आपण काय आहोत ते आधीच सांगून टाकतं. खड्याचं मात्र ठरवावं लागतं, आणि ठरवायचं म्हणजे बोलावं लागतं.

म्हणून किल्ला स्पर्धांबद्दल आमचं मत फारसं बरं नाही. परीक्षक येणार म्हटलं की बाबा बुरूज बांधतात, काका लायटिंग करतात आणि पोरं माती कालवून देतात. बक्षीस मिळतं, पण ‘समज’ म्हणायला कुणी उरत नाही. त्यात आता बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. वरळी, नायगावनंतर शिवडीचाही नंबर लागेल. १६० चौरस फुटांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांना चाळीच्या आठवणींचे कढ आम्ही काढून दाखवणार नाही. नव्या सोसायटीच्या समितीने फक्त पोडियमवर ‘माती आणण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लावू नये.

आणि फराळाच्या वेळी तुम्हाला कुणी पोराने रिकाम्या वाटीतला चहा आणून दिला, तर ‘वा, छान’ म्हणून सुटका करून घेऊ नका. साखर कमी आहे म्हणून सांगा. पुढचं भांडण पोरं बघतील.