पोलिओचा डबा पाड्यावर येतो, कोंबडीच्या लसीचा का नाही?



होळीच्या आगेमागे पाड्यावर मर लागते. आधी एक कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, हिरवं-पांढरं हगते, मग मान वाकडी होते. दोन दिवसांत शेजारचं खुराडं, आठवड्यात सगळा पाडा रिकामा. म्हातारी माणसं बोलतात, वारं आलं. ते वारं नाही, राणीखेत आहे, जिला आपण मानमोडी बोलतो. एकदा लागली की तिला औषध नाही. पण आधी टोचायची लस आहे, आणि ती काही परदेशातून आणायची नाही. पुण्यात औंधला सरकारचीच संस्था ती बनवते. आठवड्याच्या पिल्लाला डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब, दोन महिन्यांची झाली की सुई. एवढंच काम.

मग आपल्या कोंबड्या का मरतात? दवाखान्यात गेलं तर ऐकायला भेटतं, तुमच्या 8 कोंबड्यांसाठी 100 कोंबड्यांची बाटली कशी फोडू? बाटली बर्फात ठेवावी लागते, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, हे खरंच आहे. पण एका घराकडे 100 कोंबड्या नसतील, पाड्याकडे आहेत ना! पोलिओचा डोस द्यायला बाई बर्फाचा डबा खांद्याला लावून ओढा ओलांडून आपल्या पाड्यावर आली. एकही पोर सोडलं नाही. तोच रस्ता, तोच बर्फ. कोंबडीच्या वेळेलाच रस्ता लांब कसा होतो?

आता दुसरी बाजू बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला एका पोल्ट्रीत शंभरेक कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. लगेच कलेक्टरचा हुकूम, एक किलोमीटरच्या आतल्या 25 हजाराच्या आसपास कोंबड्या मारायच्या. तेव्हा गाड्या आल्या, माणसं आली, अंगभर पांढरे कपडे आले. 2006 साली देशात पहिल्यांदा हा रोग सापडला तो नवापूरला, तोही आदिवासी तालुका. तिथंही शेडबरोबर घरोघरच्या परसातल्या कोंबड्या मारल्या.

मारू नका असं आम्ही बोलत नाही. बर्ड फ्लू माणसालाही लागू शकतो, तिथं मारणं भाग आहे. आमचं म्हणणं एवढंच, की मारायला घरापर्यंत येता, तर वाचवायलाही या.

आणि भरपाईचा हिशोब ऐका. 2021 साली सरकारनं दर ठरवले, अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये, मांसाच्या मोठ्या कोंबडीला 70. तेही सरकारनं मारली तर. रोगानं आपोआप मेली तिला काही नाही. बाजारात गावठी कोंबडी 400-500 च्या खाली भेटत नाही. हा दर शेडमधली कोंबडी बघून ठरवलाय. आपल्या बाईची कोंबडी म्हणजे तिची बँक. वनपट्ट्याच्या सुनावणीला प्रांत कचेरीत जायचं, एसटीचं भाडं कोंबडी विकून येतं. पोराची वही, वाघबारशीचा देव, सगळं त्यातच. मर लागली की दावा लढायचा पैसाही जातो, म्हणून जमिनीच्या बुलेटिनात कोंबडी आली.

कायदा आहे. जनावरांमधील संसर्गजन्य रोगांचा 2009 चा कायदा बोलतो, रोगाचा संशय आला की मालकानं गावच्या अधिकाऱ्याला नाहीतर पंचायतीला कळवायचं, आणि तिथून ते लेखी डॉक्टरकडे जायचं. म्हणजे कागद करायला पंचायतीला लावायचं. तोंडी सांगून यायचं नाही, पोच घ्यायची.

आता आपलंही थोडं बोलू, राग आला तरी चालेल. मर लागली की आपण काय करतो? बाकीच्या घाईघाईनं बाजारात नेऊन विकतो, नाहीतर पाहुण्याला देतो. म्हणजे रोग खर्डीच्या बाजारातून दहा पाड्यांवर जातो. मेलेली ओढ्यात टाकतो, तेच पाणी खालचा पाडा पितो. रोगाचं जनावर पाण्यात टाकणं याच कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी ते चुकीचंच. खोल खड्डा, वर चुना, आणि मर थांबेपर्यंत पाड्यातून कोंबडी बाहेर नाही, बाहेरची आत नाही. आजारी पडल्यावर टोचून काही होत नाही, हेही लक्षात ठेवा. नंतर डॉक्टरला शिव्या देऊ नका.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा. वर्षातून तीन वेळा लसीचा डबा पाड्यावर आलाच पाहिजे, तारीख आठ दिवस आधी कळली पाहिजे. पेसाच्या 5 टक्के निधीतून डबा घ्यायची तयारी आपण दाखवू, लस आणि टोचणारा माणूस सरकारचा. शेळ्यांची पीपीआरची लस आणि पावसाआधी बैलांची घटसर्प-फऱ्याची लस त्याच ठरावात लिहा.

खर्डीच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं घरवार यादी आणायची, कोंबड्या किती, पिल्लं किती, शेळ्या किती. यादी बायकांनी सांगायची. पुरुषांना आपल्या घरात कोंबड्या किती ते माहीत नसतं, मागच्या वेळी आम्ही बघितलंय.